दुपारी नसणारं फूल

१

बाबाजीच्या तोंडावरचा गॅसचा मास्क काढला, तेव्हा त्याच्या ओठांमध्ये एक पिवळं फूल होतं.

आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. पंपघरात दिवा एकच, तोही निळा कागद गुंडाळून मिणमिणता केलेला, कारण लढाई सुरू झाल्यापासून अरबी मुलखातल्या हाइलच्या आसपासच्या शेतांवर मोठा उजेड करायला बंदी होती. हुसेनमियाँ गुडघे टेकून बसले, मास्कचे पट्टे सोडवले, दोन गोल काचांचं आणि सोंडेचं ते थोबाड बाजूला केलं आणि बॅटरी जवळ नेली. राखाडी देठाची बोटभर डहाळी, बारीक पानं, टोकाला नखाएवढं फूल. ओठ मिटलेले होते. मेलेल्या माणसाच्या आतून झाड उगवून बाहेर डोकावतंय असं ते दिसत होतं.

"सिहर," मागून अली पुटपुटला आणि दारापर्यंत सरकला. अली सुदानचा, ट्रॅक्टर चालवायचा. सिहर म्हणजे करणी, जादूटोणा. त्या मुलखात हा शब्द कुणी हसण्यावारी नेत नाही.

हुसेनमियाँ मूळचे दाभोळच्या खाडीकाठचे. या गव्हाच्या शेतावर ते मंदूब होते, म्हणजे कामगारांचे इकामे, राहण्याचे परवाने आणि सरकारी कचेऱ्यांतले खेटे हे त्यांचं काम. अर्धं आयुष्य इथे काढल्याने अरबी पाण्यासारखी यायची. बाबाजी त्यांच्याच वाडीतला. त्याला पंपावर त्यांनीच लावून घेतलं होतं. त्यामुळे आता शेवंताला, त्याच्या बायकोला, काय कळवायचं हा प्रश्नही त्यांच्याच गळ्यात होता.

झालं होतं ते एवढंच. संध्याकाळच्या, मगरीबच्या नमाजानंतर सायरन वाजला. सगळे धान्याच्या गोदामाखालच्या तळघरात धावले. माणसं मोजली तर दोन कमी भरली, बाबाजी आणि वेल्डर चंदन. चंदन उशिराने धापा टाकत आला. बाबाजी आलाच नाही. सायरन थांबल्यावर शोधाशोध झाली, तर पंपघराची कडी बाहेरून लावलेली, वर तारेचा पीळ दिलेला, आणि आत बाबाजी.

हुसेनमियाँनी त्याचा हात हातात घेतला. इंजिन दिवसभर चालून खोली भट्टीसारखी तापली होती, पण हात लाकडासारखा ताठ होता. त्याला उजव्या कुशीवर नीट निजवलेलं होतं, पाय सरळ, तोंड भिंतीकडे. पंपघरात कधी नमाजाची वेळ झाली तर हुसेनमियाँ याच भिंतीकडे तोंड करून उभे राहत. हे त्यांच्या मनात आलं आणि गेलं. मास्कच्या फिल्टरच्या डब्याला कारखान्याचं काळं रबरी बूच अजून घट्ट बसलेलं होतं. श्वास आत यायला वाटच नव्हती.

पोलीस आले. फूल पाहून त्यांनी चंदनची ट्रंक उघडायला लावली. कपड्यांच्या तळाशी देवाचा फोटो निघाला, कुंकवाची डबी निघाली आणि कापडाच्या पुरचुंडीत सुकलेली पानं निघाली. चंदनला त्यांनी गाडीत घातलं तेव्हा तो कुणाकडेही बघत नव्हता.

२

चौकशीला आलेला कॅप्टन तरुण होता आणि त्याला झोप मिळालेली नव्हती. निम्मे पोलीस उत्तरेच्या रस्त्यांवर, दवाखान्यातले डॉक्टर लष्कराच्या दिमतीला. उरलेल्या एका डॉक्टरने प्रेत बघून 'गुदमरून मेला' एवढंच सांगितलं होतं. कॅप्टनने शेतावरच्या ऑफिसात टेबल मांडलं आणि हुसेनमियाँना दुभाषा म्हणून बाजूला बसवलं.

"शनिवारी मी त्या वेल्डरला मोठ्या तुरुंगात पाठवणार," तो म्हणाला. "करणी आणि खून. पुढचं काझी बघेल. तोवर कुणाला काय सांगायचंय ते सांगून घ्या."

पुढचं म्हणजे शिरच्छेद, हे हुसेनमियाँना ठाऊक होतं.

पहिला अली आला. त्याला दुभाष्याची गरज नव्हती, पण कॅप्टन ऐकताना जांभया देत होता.

"सकाळभर मी शेवटच्या गोलावर, त्या कडेच्या गोल शेतावर, औषध मारत होतो," अली म्हणाला. "वारा फिरला. निम्मं औषध गव्हाला आणि निम्मं वाळवंटाला. पांढरा धूर नुसता. दुपारच्या नमाजाआधी टाकी भरायला परत येताना मी ते पाहिलं."

"काय पाहिलं?"

"गव्हातून चाललं होतं. दोन सोंडा होत्या आणि धड एकच. पाय चार होते साहेब, पण चालत होते दोनच. दुसरे दोन नुसते ओढत येत होते." अलीने कॉलर घट्ट धरली. "जिन्न होता. मी ट्रॅक्टर तसाच सोडून पळालो."

कॅप्टनने हात झटकून त्याला जायला सांगितलं.

मग शारीक आला. शारीक पिकअप चालवायचा. हुसेनमियाँच्या बहिणीचा, हलिमाचा, एकुलता एक मुलगा. नवऱ्यामागे तिने तळहातावरच्या फोडासारखा जपलेला, आणि 'भाईजान, आता तुमच्या ओटीत घातला' म्हणून इकडे पाठवलेला. लहानपणी तो अर्धा वेळ बाबाजीच्याच ओटीवर असायचा. शेवंताच्या हातचं खाऊन मोठा झालेला पोरगा. आज तापाने फणफणला होता आणि खुर्चीत बसून कुडकुडत होता.

"असरनंतर, चारच्या सुमाराला, मी काकांना पंपघरात चहा नेऊन दिला," तो मराठीत म्हणाला. "बरे होते. बोलले माझ्याशी."

"काय बोलले?" हुसेनमियाँनी विचारलं. हा प्रश्न कॅप्टनचा नव्हता.

"तेच, मामू. नेहमीचं."

हुसेनमियाँनी भाषांतर करून सांगितलं. कॅप्टनने मान डोलावली. म्हणजे असरपर्यंत माणूस जिवंत, सायरननंतर मेलेला, आणि मधल्या वेळात एकटा चंदन बेपत्ता. दोन आणि दोन चार, असा त्याचा चेहरा होता.

शेवटी चंदनला आणलं. उजवा गाल सुजलेला.

"याला कुणी मारलं?" कॅप्टनने शिपायांकडे बघत विचारलं.

"कुणी नाही," चंदन म्हणाला. "काल सकाळी दाढ काढली. कफील, आपले मालक, स्वतः घेऊन गेले होते गावात. दुपारच्या नमाजानंतर परतलो. हुसेनचाचा, मी काही केलं नाही हो. सायरन झाला की माझे पायच हलत नाहीत. मी फोटोसमोर बसून देवाचं नाव घेत होतो. लपून करावं लागतं ना ते, म्हणून कुणी बघितलं नाही."

"बाबाजीशी भांडण?" कॅप्टनने विचारलं.

"रेडिओवरून. ते बातम्या लावायचे, मला झोप यायची नाही. ते काय भांडण आहे का?"

कॅप्टनने पुरचुंडी टेबलावर उलटी केली. काळपट, चुरगळलेली पानं. "ही कसली?"

"तुळस आहे. आईनं दिलेली."

हुसेनमियाँ दुभाष्याचं काम नेहमीसारखं इमानाने करत होते. "रिहानसारखं झाड असतं," ते अरबीत म्हणाले; रिहान म्हणजे तिकडचा सब्जा. "हिंदूंच्या दारात असतं. पूजेला लागतं, काढ्याला लागतं. आणि माणूस मरताना..."

ते थांबले. कालपासून हे आपण कुठेतरी पाहिलंय असं वाटत होतं ते काय, हे त्यांना आत्ता कळलं.

"मरताना काय?"

खोटं बोलायची सवय नव्हती. "मरताना त्याच्या तोंडात तिचं पान ठेवतात."

कॅप्टन हळूच मागे टेकला. "म्हणजे मेलेल्याच्या तोंडात झाडपाला घालणारी माणसं हीच," तो म्हणाला. "शुक्रन, मंदूब. तुम्ही माझं काम सोपं केलंत."

३

आपल्याच जिभेने चंदनच्या गळ्याभोवती फास आवळला, या विचाराने हुसेनमियाँना जेवण गेलं नाही. दुपारी ते कफील अबू फहदकडे गेले. अबू फहद म्हातारा, शेतावर जीव असलेला आणि पोलिसांच्या भानगडीपासून चार हात लांब राहणारा. पण चंदनसारखा वेल्डर पुन्हा मिळणार नाही हेही त्याला कळत होतं.

"ते फूल कुठलं, एवढं तरी बघू," हुसेनमियाँ म्हणाले. "शेतावर मी ते कधी पाहिलेलं नाही."

"पिवळं? मग रगरुग असेल. शेवटच्या गोलापलीकडे, तारेच्या बाहेर. माझी आई त्याच्या मुळाशी फग्गा शोधायची."

फग्गा म्हणजे वाळवंटातली अळंबी. बटाट्यासारखी, जमिनीखाली वाढणारी. शरदात पाऊस झाला की उन्हाळ्याआधी मिळते आणि अरब तिच्यावर जीव टाकतात. आपल्याकडे वारुळावरची अळंबी सापडली की माणूस ती जागा सख्ख्या भावालाही सांगत नाही, तसंच इथेही. यंदा मात्र त्या उतारावर कुणी जात नव्हतं. पलीकडे लष्कराचे तंबू आणि उंच खांब उभे राहिले होते, आणि तारेवर कवटीचं चित्र लावलेलं होतं. थंडीत दोन मेंढपाळ तिथे सापडले. त्यांना हेर म्हणून नेलं, ते परत आले नाहीत.

पिकअपने दोघं तारेपर्यंत गेले. समोर दगडगोट्यांचा उतार पसरलेला. हुसेनमियाँनी डोळ्यांवर हात धरून इकडून तिकडे पाहिलं. राखाडी काटक्या होत्या, धूळ होती. पिवळा ठिपका औषधालाही नव्हता. वारा पडलेला होता. दूर कुठेतरी विमानांचा आवाज होता, पण आकाशात काही दिसत नव्हतं.

"इथेच असायचं," अबू फहद स्वतःशीच म्हणाला. "सगळा उतार पिवळा असायचा. कुठे गेलं?"

त्याने बिस्मिल्ला म्हणून गाडी वळवली.

कॅम्पात आल्यावर हुसेनमियाँ बाबाजीच्या खोलीत त्याचं सामान बांधायला बसले. टेपरेकॉर्डर खोक्यातच होता. थर्मासवरचं लेबल तसंच. गादीवरचं कारखान्याचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं, बाबाजी त्याच्यावरच चादर घालून झोपायचा आणि कूस वळली की चरचर आवाज यायचा. सगळं मुलीच्या, अनिताच्या लग्नात द्यायचं. वापरून जुनी केलेली वस्तू गावी कशी न्यायची? यात बाबाजी काही जगावेगळा नव्हता. हुसेनमियाँच्या स्वतःच्या कपाटातलं ब्लँकेटही अजून झिपच्या पिशवीतच होतं.

त्यांचे हात थांबले.

ते उठले आणि शेजारच्या खोलीत गेले. खाटेखालचा मास्कचा डबा ओढला, उघडला. बूच जागेवर होतं. पुढच्या खोलीत गेले. तिथेही बूच जागेवर. माणसं काय झालं म्हणून मागे गोळा होऊ लागली. विषारी गॅसच्या भीतीने मास्क वाटले तेव्हा एकानेही ते काढलं नव्हतं. इतकी नवीकोरी वस्तू कशाला फोडायची, लढाई संपली की गावी दाखवायला नेता येईल. सगळ्या बराकीत, खाटेखाली, काचेचे डोळे लावून प्रत्येकाचं मरण तयार पडलं होतं.

"काढा," हुसेनमियाँ म्हणाले. आवाज त्यांना स्वतःचा वाटला नाही. "आत्ताच्या आत्ता काढा सगळ्यांनी."

एकच खोली बंद होती. शारीक आतून कडी लावून पडला होता, आणि हाका मारल्या तरी त्याने दार उघडलं नाही.

४

म्हणजे मास्कचं बूच चंदनने लावलेलं नव्हतं. ते कुणीच लावलं नव्हतं, फक्त कुणी काढलं नव्हतं. बाबाजीने मास्क स्वतःच्या हाताने घातला आणि तो गुदमरला. पण मग फूल? मास्क काढल्याशिवाय तोंडात फूल जात नाही, आणि मेलेला माणूस मास्क पुन्हा चढवत नाही.

फजरचा नमाज झाला आणि ऊन वर आलं, तसे हुसेनमियाँ एकटेच शेवटच्या गोलाकडे चालत निघाले. का निघाले, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. गव्हाच्या कडेने वळले आणि जागीच उभे राहिले.

सगळा उतार पिवळा होता.

काल जिथे नुसत्या काटक्या होत्या, तिथे तारेपासून तंबूंपर्यंत फुलं होती, हजारोंनी, सगळी सूर्याकडे तोंड करून. वाऱ्याचा मागमूस नव्हता. हुसेनमियाँच्या अंगावर सरसरून काटा आला. त्यांनी कुराणातली आयतुल कुर्सी म्हटली आणि मग, भीती वाटतच होती तरी, तारेतून हात घालून एक डहाळी तोडली. हुबेहूब तीच.

ऑफिसात येऊन त्यांनी ती पाण्याच्या ग्लासात ठेवली आणि कामाला बसले. काम कसलं, ग्लासाकडेच बघत होते. दुपारच्या नमाजाला गेले आणि आले, तर टेबलावर पिवळ्या पाकळ्या पडल्या होत्या. ग्लासात राखाडी काडी उरली होती. त्यांनी बोट लावलं तशी उरलेली एक पाकळीही सुटली.

त्यांनी मग अबू फहदला बोलावून आणलं.

"हे फूल एका सकाळचंच असतं," ते म्हणाले. "दुपारी झाडावर राहत नाही आणि पाण्यातही राहत नाही. काल आपण गेलो तेव्हा गळून गेलं होतं. बाबाजीच्या ओठांत मात्र ते पाकळ्यांसकट होतं. असरनंतर कुणी तोडायला गेला असता तर त्याला काडी मिळाली असती. म्हणजे ते त्याच सकाळी खुडलं आणि त्याच सकाळी तोंडात ठेवलं. ओठांत आणि मास्कच्या रबराखाली दाबलं गेलं म्हणून पाकळ्या टिकल्या. मी हात धरला तेव्हा तो लाकडासारखा होता, आताच गेलेल्याचा नव्हता."

"म्हणजे तो सायरनच्या वेळी मेला नाही."

"सकाळीच मेला. आणि पंपघरात नाही, त्या उतारावर. अलीने जिन्न पाहिला ना? दोन सोंडा, चार पाय, चालणारे दोन. मास्क घातलेला एक माणूस, मास्क घातलेल्या प्रेताचा हात गळ्यात घेऊन ते ओढत आणत होता. आता तुम्ही सांगा, त्या सकाळी चंदन कुठे होता?"

अबू फहदने दाढीवरून हात फिरवला. "माझ्या गाडीत. दवाखान्यात. दुपारपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर." तो उठलाच. "मी कॅप्टनला सांगतो. माझ्या शब्दाला कोण नाही म्हणतो बघू."

दारात जाऊन तो वळला.

"पण हुसेन," तो म्हणाला, "सकाळी मेलेल्याला असरनंतर चहा कुणी दिला?"

हुसेनमियाँनी पाकळ्या गोळा करायला सुरुवात केली. उत्तर त्यांना केव्हाच मिळालं होतं. तुळशीच्या जागी रानातली डहाळी कोण ठेवेल? चंदन नाही, त्याच्या ट्रंकेत खरी तुळस होती. अलीला ती रीत ठाऊक नाही. ज्याला रीत ठाऊक आहे पण ज्याच्याजवळ तुळस नाही, असा माणूस. ज्याने हिंदू माणसाच्या तोंडात पान ठेवलं आणि मग आपल्या सवयीने त्याला उजव्या कुशीवर, मक्केकडे तोंड करून निजवलं. ज्याने जाताना बाहेरून कडी घातली, वर तार पिळली. खुनी असं कशाला करेल? भटकी कुत्री आत शिरू नयेत म्हणून करतात ते, मयताची काळजी असलेली माणसं.

बाबाजीची आई गेली तेव्हा ओटीच्या कोपऱ्यात उभं राहून एका पोराने विचारलं होतं, मामू, आजीच्या तोंडात पान का घालतात? वाटेत भूक लागते म्हणून, असं काहीतरी हुसेनमियाँनी त्याला सांगितलं होतं.

५

या वेळी शारीकने दार उघडलं. खोलीत कुबट, मातकट वास भरला होता. हुसेनमियाँनी वाकून खाटेखालून पिशवी ओढली. बाबाजीचा पंचा, आणि त्यात बांधलेला फग्गा, सडायला लागलेला.

"मीच नेलं त्यांना," शारीक म्हणाला. तो भिंतीला टेकून खाली बसला. "ते नको म्हणत होते. मी म्हटलं, काका, कुणाला कळणार नाही, पंप एकदा लावला की आपला चालतो. तारेखालून गेलो. मास्क बरोबर ठेवायचा हुकूम होता म्हणून घेतले. मिळायला लागला, तसे ते खूश झाले. अगदी आपल्या वारुळावर गेल्यासारखे. थोडे लांब गेले माझ्यापासून."

"मग?"

"गव्हाच्या बाजूने पांढरा धूर आला, मामू. जमिनीलगत. वास पण होता. ते ओरडले, गॅस आला, मास्क घाल. मी घातला. माझा तीन दिवसांपूर्वी खाटेवरून पडला होता, तेव्हाच बूच निघून कुठेतरी गेलं. मला माहीतसुद्धा नव्हतं ते काढायचं असतं." त्याने चादर अंगाभोवती ओढली. "त्यांनी पण घातला. बाहेर गॅस आहे म्हणून काढायला धजले नसतील. मग माझ्याकडे बघून हात हलवायला लागले. दोन्ही हात. मास्कमध्ये तोंड दिसत नाही ना. मला वाटलं, मस्करी करताहेत. ते करायचे तशी मस्करी."

हुसेनमियाँ पंच्याची गाठ पुन्हा बांधत होते.

"मी हसलो, मामू. मी पण हात हलवला."

बाहेर कुणीतरी बादली भरत होतं.

"धूर गेला तेव्हा जवळ गेलो. मास्क काढला तर..." त्याने बाही डोळ्यांवर घेतली. "तोंडात घालायला काही नव्हतं. तिथे दुसरं काही उगवतच नाही. आणि तिथे कसं सोडू? लष्कराच्या हाती लागले असते. मास्क परत चढवला, वाटलं, बूच बघितलं की लोकांना कळेल कसे गेले ते. सायरन होईल हे कुठे माहीत होतं? चहाचं मी घाबरून बोलून गेलो. मग चंदनला नेलं. कालपासून ठरवतो, आता सांगेन. जीभ उचलत नाही. मेंढपाळ परत आले नाहीत, मामू."

हुसेनमियाँच्या डोळ्यांपुढे हलिमा आली. भाईजान, तुमच्या ओटीत घातला. अबू फहदच्या शब्दावर चंदन कदाचित सुटेलही. कदाचित नाही, कारण करणीचा संशय एका साक्षीने धुतला जात नाही, आणि ते फूल कुणी ठेवलं हे कुणीतरी सांगितल्याशिवाय कॅप्टन गप्प बसणार नव्हता. त्यांना आपल्या भाच्याचा राग यायला हवा होता. आली ती कीवच, आणि तिचा त्यांना राग आला.

"तोंड धू," ते म्हणाले. "उद्या शनिवार आहे. आत्ता जायचं."

"तुम्ही याल ना बरोबर?"

"तुझं बोलणं त्याला दुसरं कोण सांगणार?"

६

शारीक मराठीत बोलला आणि हुसेनमियाँनी त्याचा शब्दन् शब्द अरबीत सांगितला. तारेखालून गेलो. मीच नेलं. चहाचं खोटं बोललो. एकही वाक्य त्यांनी मऊ केलं नाही, कारण मऊ केलेलं वाक्य चंदनच्या जिवावर उठलं असतं. फक्त एके ठिकाणी ते अडखळले.

"काय म्हणतो?" कॅप्टनने विचारलं.

"म्हणतो, त्यानेही हात हलवला."

कॅप्टनने पेन खाली ठेवलं. मग त्याने शिपायाला चंदनला आणायला पाठवलं.

शारीकचं काय होईल हे कॅप्टनने साफ सांगितलं. बंदी असलेल्या जागी गेला, मृत्यू लपवला, खोटी साक्ष दिली. तुरुंग आहे, किती ते काझी ठरवेल, आणि नंतर गावी कायमची रवानगी. "पण खुनाचं बोलणं खलास," तो म्हणाला. "आणि करणीचंही. कफीलने माझं डोकं खाल्लंय दुपारपासून." हेर म्हणून लष्कराकडे देणार नाही, हे तो शेवटी हळू आवाजात म्हणाला. हुसेनमियाँनी तेवढंच घट्ट धरून ठेवलं, हलिमाला कळवण्यासाठी.

चंदन आला. त्याला आधी काही समजेना. हुसेनमियाँनी थोडक्यात सांगितलं, तसा तो शारीककडे बघत राहिला. तो आता अंगावर धावून जाणार असं हुसेनमियाँना वाटलं, आणि गेला असता तर त्यांनी अडवलं नसतं. कॅप्टनने पुरचुंडी त्याच्यापुढे सरकवली. चंदनने ती उचलून छातीशी धरली.

शारीकच्या हातात बेड्या पडल्या होत्या. त्याने मान वर केली नाही.

"चंदनभाऊ," तो म्हणाला. "एक विचारू?"

चंदनने हनुवटीनेच 'विचार' अशी खूण केली.

"तुळस नव्हती रे तिथे. ती पिवळ्या फुलाची डहाळी ठेवली मी. पाणी पण बाटलीतलं, साधंच. ते... चाललं असेल का?"

चंदनने सुजलेल्या गालावर हात दाबला. त्याने पुरचुंडीकडे पाहिलं, मग पोराकडे. कॅप्टनने हुसेनमियाँकडे भुवया उंचावून पाहिलं.

"चालतं," चंदन म्हणाला. "जवळच्या माणसानं ठेवलं तर काहीपण चालतं. पोचले असतील काका."

शारीकचा बांध तेव्हा फुटला. चंदन जागेवरून उठला नाही, पण त्याने आपलं पाण्याचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं.

"काय बोलले ते?" कॅप्टनने विचारलं.

त्या दिवसभरात पहिल्यांदाच हुसेनमियाँनी भाषांतर केलं नाही.

"काही नाही," ते म्हणाले. "घरचं बोलणं होतं."

खिशात हात घातला तर सकाळच्या पाकळ्या बोटांना लागल्या. त्या आता सुकल्या होत्या आणि पिवळ्या राहिल्या नव्हत्या. दवाखान्यात बाबाजी अजून वाट बघत होता. चंदनला आणि त्याच्या तुळशीच्या पुरचुंडीला घेऊन त्यांनी आधी तिकडेच जायचं ठरवलं.